अल्फा ०.७ आला म्हणजे प्रश्नावली पक्की झाली का? सीमाभागातल्या सर्व्हेसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर आणि निपाणी या दोन तालुक्यांत बायकांची कमाई, घरखर्चातला त्यांचा वाटा आणि कर्ज या विषयावर पीएचडीचं काम आहे. २० गावांतून २०-२० अशी ४०० घरं घ्यायची ठरली आहेत. एका जुन्या प्रबंधातली इंग्रजी प्रश्नावली मराठीत उतरवली आहे, कन्नड भाषांतर करायला दिलं आहे. गाईडचं म्हणणं, ३० जणींवर पायलट (आधीची छोटी चाचणी) करा, क्रोनबाख अल्फा ०.७ च्या वर गेला की टूल तयार. एवढं पुरेल का?

पुरणार नाही. मुळात अल्फा तुमच्या फॉर्मातल्या बहुतेक प्रश्नांना लागूच होत नाही. एकाच मनोवृत्तीबद्दल विचारलेली आठ-दहा विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच तो सांगतो. वय, जमीन, मजुरी, कर्ज, खर्च ही विधानं नव्हेत. तिथे घोटाळा होतो तो कुठल्या एककात मोजलं, कुठल्या काळाचं विचारलं आणि नेमकं कुणाचं विचारलं या तीन जागी. हा घोटाळा घरं ४०० ची ८०० केली तरी कमी होत नाही. उलट नमुना वाढला की चुकीचा आकडा जास्त खात्रीचा दिसू लागतो.

काम उलट्या टोकाने सुरू करा. प्रबंधाच्या निष्कर्षाच्या प्रकरणात जे तक्ते येणार आहेत ते आधी कोरे आखा: ओळीत काय, स्तंभात काय, चौकटीत सरासरी की टक्केवारी. मग प्रत्येक तक्त्यासाठी कुठले चल (घरागणिक बदलणाऱ्या, मोजायच्या गोष्टी) लागतात ते लिहा, आणि प्रत्येक चलासमोर प्रश्न. जो प्रश्न कुठल्याच तक्त्यात जात नाही तो काढून टाका. उतरवून घेतलेल्या प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न इथेच गळतात, आणि ते बरंच आहे. घरकाम आणि विड्या वळणं सांभाळून बसलेली बाई ४० मिनिटांपलीकडे नीट उत्तरं देत नाही; त्यानंतर 'तेच की', 'असंल' सुरू होतं.

पहिली व्याख्या घराची. 'कुटुंबात किती माणसं?' या प्रश्नावर आजी सगळ्या भावांची मोजदाद करते, तर सून फक्त आपल्या चुलीची. जनगणनेत कुटुंब ठरतं ते एकत्र स्वयंपाकावरून. तेच धरा आणि फॉर्मात 'एका चुलीवर जेवणारे' असंच लिहा. मग येतात बाहेर असणारे: गोव्यात किंवा पुण्यात कामाला गेलेला मुलगा, सैन्यात असलेला दीर. गेल्या १२ महिन्यांत ६ महिने किंवा जास्त घरात राहिलेला तो सदस्य असा नियम ठेवा, आणि बाहेरच्यांसाठी वेगळा छोटा तक्ता करा: कोण, कुठे, मागच्या ३० दिवसांत घरी किती पैसे पाठवले. हे वेगळं केलं नाही तर त्याचा पगार एका घरात कुटुंबाचं उत्पन्न होतो, दुसऱ्यात होत नाही, आणि तुलना तिथेच बुडते.

'कुटुंबप्रमुख कोण?' हा प्रश्न आता कर्नाटकात निरुपद्रवी राहिलेला नाही. २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेत रेशनकार्डावरच्या महिला प्रमुखाला महिन्याला २००० रुपये मिळतात. त्यामुळे उत्तर येतं ते कार्डावरचं, घरातलं नव्हे. दोन्ही हवे असतील तर दोन प्रश्न करा: कार्डावर प्रमुख म्हणून कुणाचं नाव आहे, आणि गाय-म्हैस विकायची किंवा शेत तारण ठेवायचं तर शेवटचा शब्द कुणाचा चालतो. प्रस्तावनेच्या चार ओळींतही स्पष्ट सांगा की या माहितीवरून कुणाचं कार्ड रद्द होत नाही की कुणाला नवीन योजना मिळत नाही. दुसरा अर्धा भाग गाळू नका. योजना मिळेल या आशेनेही लोक उत्पन्न कमी सांगतात.

आता कमाई. 'तुमचं महिन्याचं उत्पन्न किती?' हा प्रश्न निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईला विचारणं म्हणजे गणित तिच्या डोक्यावर टाकणं. तिला महिन्याचा पगार नाही. हजार विड्यांमागे दर आहे. म्हणून हिशेबाचे तुकडे विचारा: मागच्या ७ दिवसांत किती दिवस वळल्या, सरासरी रोज किती, खराब म्हणून किती काढून टाकल्या, हजारी दर किती मिळाला, पान-तंबाखू कमी पडल्यावर पदरचे किती घातले. समजा ५ दिवस रोज ८०० म्हणजे ४००० विड्या, त्यांतल्या ३०० बाद, दर हजारी २०० रुपये, पानावर पदरचे ६०. एका दमात विचारलं तर ती ८०० सांगते. तुकड्यांनी विचारलं तर ७४० वजा ६०, म्हणजे ६८० निघतात. फरक १५ टक्क्यांचा आणि नेहमी एकाच दिशेचा. असा एकतर्फी फरक सरासरी काढून जात नाही.

त्याच तक्त्यात आणखी एक स्तंभ लागतो: याच विड्यांत घरातल्या आणखी कुणी हात घातला का, आणि रोज अंदाजे किती तास. विडी कामगाराचं कार्ड एकीच्या नावावर असतं, वळायला सासू आणि शाळेतून आलेली मुलगीही बसते. तो स्तंभ नसेल तर तुमच्या प्रबंधात एकाच बाईची उत्पादकता विनाकारण वाढते आणि मुलीचं काम गायब होतं. मुलीचं वय विचारून लगेच हा प्रश्न लावू नका, उत्तर बंद होतं. वय सदस्यांच्या तक्त्यातून आधीच आलेलं असतं.

खानापूरकडे हे चालणार नाही. तिथे भाताची शेतमजुरी, काजू, रोजगार हमी आणि घरचीच शेती असं मिश्रण असतं, आणि ते हंगामावर बदलतं. त्यामुळे कामाच्या प्रकारागणिक 'मागच्या १२ महिन्यांत कुठल्या महिन्यांत' असा १२ चौकटींचा पट्टा द्या आणि दर फक्त शेवटच्या वेळचा विचारा. महिने इंग्रजी नावांनी न विचारता ओळखीच्या खुणांनी विचारा: रोपलावणी, गणपती, दिवाळी, भात मळणी, शिमगा. निपाणी-चिकोडी पट्ट्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम हीच चांगली खूण. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा खूण म्हणून घ्यायची असेल तर कुठली पौर्णिमा ते लिहा, कारण तिथे एकाहून जास्त पौर्णिमांना गर्दी असते. वर्षांसाठी ऑगस्ट २०१९ चा पूर चांगला चालतो. घराची दुरुस्ती, जनावरं विकणं, मोठं कर्ज हे 'पुराआधी की नंतर' असं विचारलं की दोन-तीन वर्षांची सरमिसळ टळते.

खर्चासाठी नवीन काही शोधू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या घरखर्च पाहणीतली पद्धत घ्या: भाजी, फळं, तेल, अंडी-मटण, मसाले यांना ७ दिवस, धान्य, डाळ, इंधन यांना ३० दिवस, कपडे, शाळेची फी, भांडीकुंडी, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च यांना ३६५ दिवस. सगळंच ३० दिवसांचं विचारलं तर रोजची भाजी विसरली जाते, आणि गेल्या वर्षीची साडी कालपरवाची वाटून महिन्यात येऊन बसते.

जमिनीच्या प्रश्नाकडे कुणी बघत नाही आणि डेटा सगळ्यात जास्त तिथेच सडतो. कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं आणि ४० गुंठ्यांचा एकर होतो, १०० चा नाही. '१ एकर ३५ गुंठे' हे डेटा एंट्रीत १.३५ म्हणून पडतं. खरं आहे १.८७५. '३ एकर ५ गुंठे' हे ३.५ म्हणून पडतं. खरं आहे ३.१२५. एक चूक कमी दाखवते, दुसरी जास्त, आणि नंतर कागद नसेल तर कुठली कुठे झाली ते कळत नाही. उपाय साधा: एकरांची चौकट वेगळी, गुंठ्यांची वेगळी, आणि गुंठ्यांच्या चौकटीला ० ते ३९ अशी मर्यादा. निपाणीकडे काहींची जमीन महाराष्ट्रात, कागल बाजूलाही असते. तिथला सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, म्हणजे '०.८०' हे तिथे जवळपास २ एकर. म्हणून एककाची चौकट हवीच, रूपांतर गणकाने (मुलाखत घेणाऱ्याने) घरात बसून करायचं नाही. उत्पादनालाही हेच. 'किती पोती?' विचारल्यावर 'एका पोत्यात किती किलो?' हा प्रश्न पाठोपाठ आलाच पाहिजे.

शिक्षण आणि योजनांच्या पर्यायांत सीमेच्या दोन्ही बाजू धरा. कर्नाटकातलं पीयूसी दुसरं वर्ष आणि महाराष्ट्रातली बारावी एकाच कोडमध्ये, तिथली दहावी म्हणजे एसएसएलसी आणि इथली एसएससी एकाच कोडमध्ये.

कर्जाचा भाग नाजूक. 'कर्ज आहे का?' म्हटल्यावर बँक आणि सोसायटी एवढंच डोळ्यांसमोर येतं. बचत गट, मायक्रोफायनान्सची आठवड्याची वसुली, भिशी, सोनं गहाण, दुकानाची उधारी, भावाकडून उसने हे सगळं 'कर्ज नव्हे' म्हणून सुटतं. एकेक स्रोत नाव घेऊन विचारा आणि प्रत्येकाला हो-नाही घ्या. गणकाने यादी वाचून 'यातलं काही?' असं विचारलं तर पहिले दोन आणि शेवटचा एवढेच आठवतात. हप्त्याचा आकडा आधी विचारा, शिल्लक नंतर. हप्ता जिभेवर असतो, शिल्लक नसते. आणि हा भाग नवरा किंवा शेजारीण बसलेली असताना घेऊ नका. मुलाखतीच्या वेळी तिथे कोण होतं याचा कोड फॉर्ममध्ये असू द्या, विश्लेषणात तो चल म्हणून लागतो.

मनोवृत्तीच्या विधानांकडे येऊ. लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची श्रेणी कागदावर स्वतः भरणाऱ्यांसाठी होती. तोंडी विचारताना 'पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ...' अशी माळ ऐकून बाई 'हो' म्हणते, कारण समोर बसलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. दोन टप्प्यांत विचारा: आधी 'पटतं की नाही पटत?', मग 'थोडं की पुरतं?'. तटस्थ हा पर्याय वाचून दाखवू नका, स्वतःहून आला तर नोंदवा. उलट विधानं हवीत, पण 'नाही'ने उलटवू नका. 'बायकांनी पैशाचे निर्णय घेऊ नयेत असं मला वाटत नाही' या वाक्यावर 'पटत नाही' म्हणणाऱ्या बाईला नेमकं काय म्हणायचंय ते तिलाही सांगता येणार नाही. 'पैशाचे मोठे निर्णय पुरुषानेच घ्यावेत' असं सरळ उलट लिहा. आणि एका विधानात एकच गोष्ट: 'सरकारी दवाखान्यात औषधं मिळतात आणि डॉक्टर नीट वागतात' ही दोन विधानं आहेत.

आता तुमचा अल्फा. समजा विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन उत्तरं किती सोबत बदलतात याचं माप) ०.२, म्हणजे तसा क्षीणच आहे. अशी ५ विधानं असतील तर अल्फा ०.५६ येतो, १० असतील तर ०.७१, २० असतील तर ०.८३. विधानांचा दर्जा तोच, फक्त संख्या वाढली. म्हणून ०.७ ओलांडणं ही परीक्षा नव्हेच. प्रत्येक विधानाचा बाकीच्या बेरजेशी सहसंबंध पाहा, ०.३ च्या खाली असेल ते विधान तपासा, आणि उलट विधानांचे गुण उलटवायचे राहिले नाहीत ना ते आधी बघा. अल्फा उणे किंवा ०.२-०.३ आला की बहुतेक वेळा कारण तेच असतं.

हो-नाहीच्या आणि प्रकारांच्या प्रश्नांना पुनर्चाचणी घ्या: ४० जणींना १० ते १४ दिवसांनी पुन्हा तेच प्रश्न. नुसती टक्केवारी बघू नका. 'बचत गटाची सदस्य आहे का?' याला दोन्ही वेळा 'हो' ३०, दोन्ही वेळा 'नाही' ४, आणि ३ एकीकडे, ३ दुसरीकडे बदलल्या. जुळणी ८५ टक्के, ऐकायला उत्तम. पण प्रत्येक वेळी ३३ जणी 'हो' म्हणत असतील तर केवळ योगायोगानेच ७१ टक्के जुळणी होते. ती वगळल्यावर शक्य असलेल्या २९ टक्क्यांपैकी १४ टक्केच खरी जुळणी उरते; हे मोजणारा 'कप्पा' (kappa) हा गुणांक निघतो ०.४८. म्हणजे प्रश्नात गोंधळ आहे. शोधल्यावर बहुधा सापडतं की काही जणी बंद पडलेला गटही मोजतात. 'सध्या चालू असलेल्या' हे दोन-तीन शब्द घातले की सुटतं. हे का महत्त्वाचं, तर दोन चलांमधला खरा सहसंबंध ०.५ असला आणि दोन्हींची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी तेच येणं) ०.६ असली तर तुम्हाला दिसतो तो ०.३. मग 'संबंध आढळला नाही' असं लिहून मोकळं व्हायचं, आणि दोष असतो मोजपट्टीचा.

विश्वसनीयता म्हणजे वैधता (हवं तेच मोजलं जाणं) नव्हे. वैधतेसाठी विषय जाणणाऱ्या ८ जणांना प्रत्येक प्रश्न 'अत्यावश्यक आहे का' म्हणून तपासायला द्या: दोन प्राध्यापक पुरे, बाकी अंगणवाडी पर्यवेक्षिका, बचत गटाची कार्यकर्ती, सोसायटीचा सचिव, विडी कामगारांत काम करणारी माणसं. लॉशे या संशोधकाच्या १९७५ च्या सूत्राने ८ पैकी ७ जणांनी हो म्हटलं तर गुणोत्तर ०.७५ येतं (निम्म्यापेक्षा जास्त आलेली ३ मतं भागिले निम्मी ४), आणि ८ जणांसाठी किमान मर्यादा तेवढीच आहे. ६ जणांनीच हो म्हटलं तर तो प्रश्न बाद.

दोन भाषांचा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवला आहे, तो सुरुवातीला आणा. कन्नड प्रत मराठीवरून भाषांतरित करून घेणं आणि मग कन्नडवरून पुन्हा मराठीत उलटवून बघणं ही पद्धत ठीक, पण तिला एक भोक आहे: चांगला भाषांतरकार वाईट वाक्यही परत नीट उलटवतो. शिवाय दोन्ही भाषांत दिसायला सारखे असलेले संस्कृत शब्द उलट भाषांतरात पकडले जात नाहीत. 'उद्योग' हा मराठीत धंदा-कारखाना, कन्नडमध्ये नोकरी-काम. 'तुमचा उद्योग कोणता?' याला मराठी घरात 'काही नाही' आणि कन्नड घरात 'मजुरी' असं उत्तर आलं, तर तुम्ही दोन समाजांतला फरक म्हणून ते छापाल. म्हणून दोन स्वतंत्र भाषांतरं करून घ्या, मग दोन्ही भाषा बोलणाऱ्या तिघा-चौघांनी एकत्र बसून ओळीओळीने एक प्रत ठरवावी, आणि मराठी मूळही बदलायला मोकळं ठेवावं. बेळगाव परिसरात दोन्ही भाषा घरात बोलणारी माणसं सहज मिळतात. त्यांच्यातल्या २०-२५ जणांना एक प्रत आज, दुसरी दोन आठवड्यांनी द्या. निम्म्यांना मराठी आधी, निम्म्यांना कन्नड आधी. जो प्रश्न भाषेनुसार हलतो तो सापडतो.

मातृभाषेचा प्रश्न पहिल्या पानावर नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून भाषा हा इथे राजकारणाचा विषय आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. सुरुवातीलाच हा प्रश्न आला की पुढचा फॉर्म कुणाच्या बाजूचा आहे याचा अंदाज सुरू होतो. तो शेवटी घ्या, आणि 'घरात मुलांशी कुठल्या भाषेत बोलता?' असा, एकाहून जास्त उत्तरं चालतील असा ठेवा. मुलाखत कुठल्या भाषेत झाली आणि कुठल्या गणकाने घेतली हे दोन कोड प्रत्येक फॉर्मवर हवेत. मराठी गणक फक्त मराठी गावांत आणि कन्नड गणक फक्त कन्नड गावांत पाठवले तर गणकाचा परिणाम आणि भाषेचा परिणाम कायमचे चिकटतात. दोन्ही भाषा येणारे गणक घेऊन गावं चिठ्ठी टाकून वाटा.

पायलटच्या आधी एक टप्पा आहे जो सगळे गाळतात. दोन्ही भाषांत ८-१० बायकांबरोबर बसून प्रत्येक प्रश्नानंतर विचारा: 'मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा', 'हा आकडा कसा काढलात?'. कागदावरचा सुंदर प्रश्न इथे उघडा पडतो. त्यानंतर नमुन्यात नसलेल्या पण तशाच दोन गावांत ३०-४० पूर्ण मुलाखती. त्यात बघायचं ते हे: ज्याला ९० टक्क्यांहून जास्त एकच उत्तर आलं, ज्याला १० टक्क्यांहून जास्त 'माहीत नाही' आलं, जो गणकाला दोनदा वाचावा लागला, आणि प्रत्येक भागाला लागलेला वेळ.

नमुन्याबद्दल एकच सांगतो. ४०० हा आकडा ३८४ वरून आला आहे (९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकीला वाव धरून येणारा ठरलेला आकडा), आणि ३८४ हे घरं एकेक सुटी चिठ्ठी टाकून, म्हणजे यादृच्छिक, निवडण्याचं गणित आहे. तुम्ही गावातून २०-२० घरं घेताय. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. त्या सारखेपणाचा गुणांक ०.०५ जरी धरला तरी प्रसरण (अंदाजातला चढउतार) १.९५ पट होतं, आणि ४०० घरांची ताकद साधारण २०५ घरांएवढी उरते. अंदाज चुकण्याची मर्यादा ५ टक्क्यांऐवजी जवळपास ७ टक्के. गावं वाढवून गावामागे १० घरं घेतली तर खर्च थोडा वाढतो, पण आकडे सुधारतात.

फॉर्म कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके या मोबाइलवर फॉर्म भरायच्या साधनांत करणार असाल तर एकाच फॉर्ममध्ये मराठी आणि कन्नड लेबलांचे दोन स्तंभ ठेवा, पर्यायांचे कोड एकच. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबीकडे नेटवर्कचा भरवसा नाही; फॉर्म ऑफलाइन भरून संध्याकाळी पाठवता येतो, पण फोन चार्ज आणि रिकामी जागा दोन्ही हवीत. 'माहीत नाही'ला ९९ कोड देऊ नका. १०० घरांपैकी ९५ घरांची सरासरी २ एकर आहे आणि ५ घरांना ९९ पडलं तर सरासरी थेट ६.८५ एकर. उणे ९९ द्या, 'लागू नाही'ला उणे ८८, आणि ० म्हणजे खरोखर शून्य. नावं आणि फोन नंबर वेगळ्या फाईलमध्ये, जोडणी फक्त घराच्या क्रमांकाने. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी पायलटच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

सर्व्हे सुरू झाल्यावर पर्यवेक्षकाने दहापैकी एका घरी पुन्हा जाऊन न बदलणारे पाच-सहा प्रश्न विचारावेत: चुलीवर किती जण, मुलींची वयं, जमीन किती, कर्जाचे स्रोत कोणते. आणि सगळी काळजी घेऊनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा प्रश्न चुकीचा निघाला, तर तो गुपचूप दुरुस्त करू नका. नवीन आवृत्तीला नवीन क्रमांक द्या, आवृत्तीचा स्तंभ डेटात ठेवा, जुन्या फॉर्मातलं ते उत्तर पुसू नका, आणि शक्य असेल तर त्या घरांना फक्त तेवढ्या प्रश्नासाठी फोन करा.